पेन्सिल राहू दे, आधी कणीक मळू दे

वाचकांचे प्रश्न, बालवाडीच्या बाईंची उत्तरं

शाळा सुरू झाल्या की लहान पोरांच्या आईबाबांचे मेसेज एकदम वाढतात. ह्या वेळी जवळजवळ सगळ्यांचं विचारणं एकच, तीन ते पाच वर्षांच्या पोराला घरी काय शिकवू आणि कसं खेळवू, म्हणून अख्खं सदर त्यालाच देतेय. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (अनगोळ) : बाई, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, पुढल्या जूनला एलकेजीत घालणार. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी ए टू झेड लिहिते, ह्याला पेन्सिल दिली की हा पळतो नाहीतर ती चावत बसतो. ऑनलाईन ॲक्टिव्हिटी किट मागवलं, त्यात वर्कशीटच जास्त, ते कोपऱ्यात पडलंय. सासूबाई म्हणतात सोड त्याला, नवरा म्हणतो मागे पडेल. घरी काय करून घेऊ?

उत्तर : सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. पोराला सोडायचं नाही, पेन्सिल सोडायची. अहो त्याचं मनगटच अजून तयार व्हायचंय. मनगटात 8 बारकी हाडं असतात, जन्मतो तेव्हा तिथं नुसती मऊ कूर्चा असते, मग एकेकाचं हाड होत जातं आणि शेवटचं व्हायला वयाची 9 ते 12 वर्षं उजाडतात. बोटात जोर नाही, अंगठा आणि दोन बोटं मिळून काही धरायची सवय नाही, अशा हाताला आपण चार रेघांच्या वहीत बसवतो आणि पोर पळालं की आळशी म्हणतो, हे मला अजिबात पटत नाही.

आता तुमच्या घरात काय काय आहे ते बघा. सकाळी कणीक मळता तेव्हा लिंबाएवढा गोळा त्याला द्या, लाटू दे, दाबू दे, साप करू दे, सापाचे तुकडे तोडू दे. भाकरीचं पीठ देऊ नका, ते चिरतं आणि पोरं कंटाळतात, कणीकच बरी. मटार, पावट्याच्या शेंगा, ओल्या भुईमुगाच्या शेंगा सोलायला बसवा, अर्ध्या तो खाईल, खाऊ दे, फक्त समोर बसा. कपडे वाळत घालताना चिमटे त्याच्या हातात द्या, चिमटा उघडायला जी दोन बोटं लागतात तीच पुढं पेन्सिल धरतात. जुनं फडकं पाण्यात बुडवून एका पातेल्यातून दुसऱ्यात पिळायचं, तांब्यातून पेल्यात पाणी ओतायचं, सांडणारच, मग पुसायचं फडकंपण त्यालाच द्यायचं कारण पुसताना आख्खा खांदा-दंड कामाला लागतो आणि पोराला आपण घरात काहीतरी खरं काम केलं असं वाटतं, त्याचा चेहरा बघा तेव्हा.

किट टाकू नका हं. त्यातल्या वर्कशीट त्याला फाडायला द्या. खरंच सांगतेय, लांब लांब पट्ट्या फाडणं हे बोटांना अवघड काम आहे, फाडल्यावर मैद्याची खळ करून त्या जुन्या पेपरवर चिकटवायला लावा, घर, रस्ता, रेल्वे, त्याला काय सुचेल ते.

आकड्यांचं म्हणाल तर इडलीचा साचा काढा. मसूर, चवळी, राजमा एका वाटीत मिसळा, प्रत्येक जातीला वेगळा खळगा. तो निवडायला लागला की नंतर एका खळग्यात एकच, पुढच्यात दोन, त्याच्या पुढच्यात तीन, आणि ठेवताना तोंडानं म्हणायचं. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं पोर ‘पाच चमचे आण’ म्हटलं की मूठभर घेऊन येतं, वर्गात हे मी खूप बघितलंय, म्हणजे आकडा पाठ असतो पण पाच म्हणजे किती हे हाताला माहीत नसतं. त्यासाठी जेवायच्या वेळी ताटं मांडायला त्यालाच लावा, चौघं जेवणार तर चार ताटं, चार पेले, आत्या आली तर आणखी एक. लिहावंसंच वाटलं तर ताटात रवा पसरून बोटानं रेघा मारू दे, किंवा जुना ब्रश आणि बादलीभर पाणी देऊन अंगणातली फरशी ‘रंगवायला’ सांगा, वाळलं की परत रंगवायचं.

आणि नवऱ्याला एवढं वाचून दाखवा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यातली पहिली 3 वर्षं खेळातून, हातानं करून शिकायची आहेत. हे काय आज दिल्लीत सुचलेलं नाही. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या गिजुभाई बधेकांनी गुजरातेत भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करून महाराष्ट्रात आल्या, 1945 ला बोर्डीत आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांना सोबत घेऊन गोरगरिबांच्या, आदिवासींच्या पोरांसाठी बालवाड्या-अंगणवाड्या उभ्या केल्या, आणि तिथं महाग साधनं परवडणारच नव्हती म्हणून आजूबाजूला जे मिळेल त्याचीच साधनं केली. तुमच्या स्वयंपाकघरात त्यापेक्षा जास्त सामान आहे.

प्रश्न (खानापूर तालुका) : आमचं गाव जांबोटीच्या बाजूला, पावसाळ्यात पोरांना दाराबाहेर काढता येत नाही. मुलगी चार वर्षांची, तिचा भाऊ दोनाचा. घर लहान, दिवसभर दोघं मारामारी करतात, मग मी टीव्ही लावते. घरातल्या घरात काय करता येईल?

उत्तर : एवढा पाऊस दारात आहे तर तोच खेळायला घ्या ना. एक सरळसोट प्लास्टिकची बाटली तुम्ही स्वतः वरून कापा, कडेला चिकटपट्टी लावा म्हणजे हात कापणार नाही, आणि दगडाच्या आधारानं अंगणात उघड्यावर ठेवा. रोज सकाळी मुलीनं पाणी कुठवर आलं तिथं खूण करायची आणि बाटली रिकामी करायची. मिलिमीटर वगैरे काही नको, ‘कालच्यापेक्षा जास्त का कमी’ एवढंच, पण चार वर्षांच्या डोक्याला हे खरं गणित आहे. पागोळ्यांखाली एक स्टीलचं भांडं, एक प्लास्टिकचा डबा, एक मातीचं मडकं ठेवा आणि डोळे मिटून ओळखायला सांगा कुठलं वाजतंय. ह्यात दोन वर्षांचापण सामील होतो, त्याला ओळखता नाही आलं तरी तो टाळ्या वाजवत बसतो.

दुसरं म्हणजे माती. खानापूरची माती कौलांसाठी, भांड्यांसाठी नावाजलेली, लोक लांबून नेतात आणि तुमच्या पायाखाली फुकट आहे. खडे काढून, भिजवून, चांगली मळून पडवीत पोत्यावर बसवा दोघांना. बेंदराला आपल्याकडं मातीचे बैल पुजतात, ह्या वर्षीचे बैल पोरीच्या हातचे करा, चार पाय समान लांबीचे नाही झाले की बैल पडतो, मग ती आपणच कुठला पाय छोटा ते शोधते, आपण सांगायचं नाही, तोंडावर आलं तरी सांगायचं नाही, तो शोध तिचा तिला लागू दे. चूल, पोळपाट, विहीर, नागपंचमीला नाग, काहीही होतं. दिवाळीत किल्ला करायचा म्हटलं की आपल्याकडं मोठी पोरं बारक्यांना हाकलतात, तसं होऊ देऊ नका, माती मळायचं आणि मोहरी पेरायचं काम चार वर्षांच्या पोरीला सहज जमतं.

मारामारीचं कारण बहुतेक वेळा साठलेली ताकद असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांमध्ये 3-4 वर्षांच्या मुलांना दिवसातून किमान 180 मिनिटं हालचाल, त्यातली 60 मिनिटं तरी चांगली दम लागेल अशी हवी असं म्हटलंय. लहान घरात धावता येत नाही पण खडूनं जमिनीवर रेघ मारून तिच्यावरून तोल सांभाळत चालणं, गादीवर बेडूकउड्या, खाटेखालून रांगत जाणं आणि उशीवरून उडी मारून परत सुरुवातीला येणं, हे होतं. लाईट गेली की (तुमच्याकडं पावसात ती जाणारच) टॉर्च लावून भिंतीवर हाताच्या सावल्या करा, हात टॉर्चजवळ नेला की सावली का मोठी होते हे ती स्वतः करून बघेल.

फक्त धाकट्याकडं नीट लक्ष. दोन वर्षांचं पोर सगळं तोंडात घालतं, नाकात, कानातपण. चिंचोके, हरभरे, शेंगदाणे, मणी, 3 सेंटिमीटरपेक्षा लहान काहीही त्याच्या हाताला लागू द्यायचं नाही, आणि खेळण्यातले, रिमोटमधले बटण सेल तर अजिबात नाही, ते गिळले तर लगेच दवाखाना. ताई डाळी निवडतेय तेव्हा त्याला एका टोपलीत कांदे आणि एका टोपलीत बटाटे वेगळे करायचं काम द्या, मोठं सामान, तेवढंच शिकणं. आणि पाण्याची बादली भरलेली ठेवून दोघांना एकटं सोडू नका, लहान पोराला अगदी थोड्या पाण्यातही धोका असतो.

प्रश्न (अथणीकडची एक आई) : बाई, मी सकाळी लवकर शेतात जाते ते दिवस बुडताना येते. पोरगी चार वर्षांची हाय. हे सगळं करायला वेळ कुठनं आणू?

उत्तर : वेगळा वेळ काढूच नकोस गं. न्हाऊ घालताना पाच तांबे मोजायचे, वेणी घालताना आज दिवसभरात काय बघितलंस ते तिला सांगायला लावायचं, भाकऱ्या थापताना तिला शेजारी बसवून कुठली मोठी कुठली बारकी विचारायचं. शेतात नेतेस तेव्हा ‘मला पाच वेगवेगळी पानं आणून दे’ म्हण आणि ती आणली की त्यांचं काय वेगळं आहे ते तिलाच विचार. आणि अंगणवाडीत पाठव. ही योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली ती तुझ्यासारख्यांच्या पोरांसाठीच, 3 ते 6 वर्षांच्या पोरांना तिथं शिक्षण आणि खाणं दोन्ही मिळतं, फुकट मिळतं म्हणून कमी समजू नकोस.

प्रश्न (निपाणी) : नात चार वर्षांची. मुलगा-सून दोघंही नोकरीला, दिवसभर ती माझ्याजवळ असते. जेवताना मोबाईल लावल्याशिवाय घास घेत नाही. मला हे आताचं ॲक्टिव्हिटी वगैरे येत नाही, गुडघे धरलेत, खाली बसता येत नाही.

उत्तर : काका, तुम्हाला खाली बसायची गरजच नाही, खुर्ची दारात टाका. निपाणी म्हणजे पुणे-बेंगळूर हायवेवरचं गाव, गाड्यांना तोटा नाही. पांढरी नंबर प्लेट खासगी गाडीची, पिवळी भाड्याच्या गाडीची, हिरवी बॅटरीवरच्या गाडीची, आधी एवढंच ओळखायला शिकवा. मग आकडे, के ए 23 आपली चिकोडीची, के ए 22 बेळगावची, एम एच 09 कोल्हापूरची, जी ए दिसली की गोव्याची. अक्षर वाचता येत नसलं तरी पोरं ही खूण चित्रासारखी लक्षात ठेवतात आणि तुमच्या आधी ओरडतात. वाटाणे पिवळ्या गाडीला एक, पांढरीला एक असे दोन वाट्यांत टाकायचे, संध्याकाळी कुठली वाटी जास्त भरली ते बघायचं. स्टँडवर न्याल तेव्हा कर्नाटकची बस आणि महाराष्ट्राची लालपरी वेगवेगळ्या करायला सांगा.

चौकाबारा तुम्ही लहानपणी खेळला असाल. चार चिंचोके फोडून, एक बाजू पांढरी एक तपकिरी, टेबलावर टाकायचे आणि किती पांढरे पडले ते तिनं मोजायचं. पट आख्खा काढू नका, एवढ्या पोरीला तो कळत नाही, पाठकोऱ्या कागदावर दहा घरांची एकच सरळ रांग काढा आणि पडेल तेवढी घरं बटण पुढं सरकवा. खेळून झालं की चिंचोके मोजून डब्यात.

मोबाईलचं स्पष्टच सांगते. ह्या वयाला दिवसभरात जास्तीत जास्त 1 तास स्क्रीन, त्याहून कमी असेल तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, आणि जेवतानाचा तर पूर्ण बंदच करायला हवा कारण स्क्रीनकडं बघत जेवणाऱ्या पोराला पोट भरलं का नाही हे कळेनासं होतं. आधी दुपारचं जेवण घ्या, ते तुमच्या हातात आहे. पहिले काही दिवस रडारड होईल, एखाद्या दिवशी ती कमी जेवेल, घाबरू नका, संध्याकाळी भूक लागते. मोबाईलच्या जागी गोष्ट ठेवा, पण तुम्ही सगळी सांगायची नाही. ‘एक म्हैस होती, ती एक दिवस गोठ्यातून सुटली आणि...’ इथं थांबायचं, कुठं गेली ते तिला विचारायचं, ती म्हणाली आकाशात गेली तर म्हशीला आकाशात न्यायचं. आणि मुलगा-सुनेलापण सांगा, रात्रीच्या जेवणाला त्यांचे फोनपण दुसऱ्या खोलीत, नाहीतर तुमची दुपारची सगळी मेहनत रात्री वाया जाते.

प्रश्न (हिंडलगा) : बाजारातल्या क्लेमुळं पोरीच्या हातावर पुरळ आलं. घरी काही करता येतं का? रंगपण हवेत.

उत्तर : येतं की. 1 वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, 1 चमचा तेल, लागेल तसं पाणी घालून कणकेपेक्षा जरा घट्ट मळा. रंगाला हळद, बिटाचा रस, पालकाचा रस. झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये थोडे दिवस टिकतं. मीठ भरपूर असल्यानं खाऊ द्यायचं नाही, आणि पुरळ पूर्ण बरं होईपर्यंत थांबा, मीठ झोंबेल.

हळद काढलीच आहे तर एक जादू करा. हळदीचं पाणी पांढऱ्या कागदावर फासून वाळवा, मग साबणाच्या पाण्यात बोट किंवा कापूस बुडवून त्यावर चित्र काढू दे, लाल उमटतं. त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळं. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घालून ते पाणी गार करा, एका पेल्यात लिंबू घाला, एकात खायचा सोडा, एक गुलाबी होईल आणि एक हिरवट. आम्ल-अल्कली समजावत बसू नका. ओतायच्या आधी ‘आता काय होईल सांग’ एवढं विचारा आणि तिचं उत्तर चुकलं तरी हो-नाही काही म्हणू नका, ओतून बघू म्हणा.

प्रश्न (शहापूर) : घरी आम्ही मराठी बोलतो, गल्लीत सगळं कन्नड, मुलगा चार वर्षांचा, इंग्लिश मीडियमला जातो. ‘अज्जी मला नीरु (पाणी) दे’ असं काहीतरी मिसळून बोलतो. शाळेतून सांगितलं की घरी इंग्लिशच बोला. आमचं इंग्लिश बेताचंच. तो गोंधळूलाय का?

उत्तर : गोंधळलेला नाही हो, त्याच्याकडं जे शब्द आहेत ते सगळे तो वापरतोय. दोन-तीन भाषांत वाढणारी पोरं सुरुवातीला अशीच मिसळून बोलतात आणि मोठी होता होता कुणाशी काय बोलायचं ते त्यांचं त्यांना बरोबर कळतं, आपल्या बेळगावात तर निम्मं गाव असंच वाढलंय. घरी तुम्ही मराठीच बोला, भरभरून बोला. ज्या भाषेत तुम्हाला पोराचे लाड करता येतात, रागावता येतं, आजीच्या गावची गोष्ट रंगवून सांगता येते, त्याच भाषेत त्याला विचार करायची सवय लागते. बेताच्या इंग्लिशमध्ये तुम्ही ‘कम, सिट, ईट’ एवढंच बोलाल आणि पोराचं दिवसभराचं बोलणं तेवढ्यात आटपेल. नवीन शैक्षणिक धोरणातही लहान वयात घरच्या भाषेवरच भर आहे, शाळेनं परत विचारलं तर हे नम्रपणे सांगा.

कन्नडला दूर ठेवू नका, ती तर इथली भाषा, शाळा कुठलीही असली तरी पुढं शिकायचीच आहे, आणि खेळात आली तर ओझं वाटत नाही. जिना चढताना एक दोन तीन, उतरताना ओंदु एरडु मूरु. घरात भाजीचं दुकान मांडा, खरे कांदे-बटाटे, खरा तराजू असला तर छानच, नसला तर हँगरच्या दोन टोकांना पिशव्या बांधा. दुकानदारीण शेजारच्या कन्नड अज्जींना करा, त्या ‘ईरुळ्ळी एष्टु बेकु’ (कांदे किती हवेत) विचारतील, हा दोन बोटं दाखवून ‘एरडु’ म्हणेल, मग घरी येऊन तुम्हाला मराठीत सांगेल अज्जीकडून काय आणलं. आमच्या बालवाडीत दुकान मांडलं की सगळ्यात गप्प पोरपण बोलायला लागायचं.

प्रश्न (चिकोडी) : मुलगा साडेतीन वर्षांचा, चार-पाच शब्दच बोलतो. खेळतो चांगला. घरचे म्हणतात त्याचे बाबापण उशिरा बोलले, आणि घरात मराठी-कन्नड दोन्ही आहे म्हणून असेल. कुठल्या ॲक्टिव्हिटी घेऊ?

उत्तर : आधी डॉक्टर, मग ॲक्टिव्हिटी. दोन भाषांमुळं पोर मुकं राहत नाही, आणि ‘बाबापण उशिरा बोलले’ म्हणून थांबण्यात वेळ जातो. साडेतीन वर्षांचं पोर छोटी छोटी वाक्यं बोलायला हवं. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानाची तपासणी करून घ्या, कमी ऐकू येणारं पोरही छान खेळतं, खाणाखुणांवर सगळं भागवतं आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडी सेविकेला विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम अंगणवाडीत तपासणीला येते आणि गरज असेल तर पुढं जिल्ह्याला पाठवते, तिथले उपचार मोफत असतात.

तोपर्यंत घरी एवढं करा, टीव्ही-मोबाईल बंद, आणि तो बोटानं काही दाखवेल तेव्हा लगेच देऊ नका, त्याच्या उंचीला बसून, तोंड त्याला दिसेल असं ‘पाणी, पाणी हवं?’ म्हणा आणि दहा मोजेपर्यंत गप्प थांबा. म्हण म्हण करून मागं लागू नका. डॉक्टरांकडं जाताना तो कुठले शब्द बोलतो, पाठीमागून हाक मारली तर वळतो का, कुकरच्या शिट्टीला दचकतो का, हे कागदावर लिहून न्या, ते हेच विचारतील.